डांबराचं वय मोजायचं तर आधी तापमान धरा

एम.टेक.ला रस्त्याचं डांबरी मिक्स (डांबर आणि खडी) जुनं होत गेल्यावर काय होतं हे अल्ट्रासोनिकनं, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आरपार सोडून, तपासायचं ठरलं. कोल्हापुरात अल्ट्रासोनिक म्हटलं की फौंड्री, म्हणून आधी शिरोलीत ओळखीच्या मामांना गाठलं. ते 2 मेगाहर्ट्झच्या प्रोबनं कास्टिंगमधले ब्लो होल, म्हणजे आतली हवेची भोकं, शोधतात. डांबराचा गोळा उलटसुलट करून म्हणाले, "आमचा प्रोब हितं काय कामाचा न्हाई. खडीतच आवाज मरतोय बघ." खरंच होतं. एवढ्या वारंवारतेला तरंगलांबी दोनेक मिलिमीटर, खडी त्याहून मोठी. लाट विखरून जाते. म्हणून काँक्रीटसाठी वापरतात तो 54 किलोहर्ट्झचा यूपीव्ही संच, म्हणजे लाटेचा वेग मोजणारं यंत्र, घेतला.

व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराचे मार्शल नमुने, म्हणजे ठरावीक मापाचे गोल ठोकळे, पाडले. निम्मे मुद्दाम जुने करायला 85 अंशांच्या ओव्हनमध्ये 120 तास ठेवले, मऊ होऊन आकार बिघडू नये म्हणून जाळीत गुंडाळून. लाइट जाऊ नये म्हणून अंबाबाईला हात जोडले, दुसरं काय करणार!

खरी कसोटी पुढं. नमुन्याची उंची 63.5 मिमी, लाट पार व्हायला साधारण 20 मायक्रोसेकंद. एक मायक्रोसेकंद इकडं-तिकडं झाला की वेगात पाच टक्के फरक. प्रोब आणि नमुन्यामधला ग्रीसचा थर जाड बसला, प्रोब कमी दाबला, की आकडा हललाच. त्यात एप्रिलची लॅब. डांबर तापलं की मऊ पडतं, वेग उतरतो. सकाळचा आकडा दुपारी जुळेना. शेवटी सगळे नमुने 25 अंशांच्या कपाटात मुरवले. एका जादा नमुन्याला भोक पाडून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, खुपसला आणि आत 25 दिसल्याशिवाय प्रोब लावायचा नाही असं ठरवलं.

वेगाच्या आकड्यावर एकट्यानं विसंबू नये, हे माझं ठाम मत. हवेतला ऑक्सिजन लागून, हलके घटक उडून डांबर ताठ होतं, तेव्हा वेग वाढतो. आणखी जुनं झालं की बारीक तडे पडतात आणि तोच वेग खाली येतो. म्हणजे नवा आणि फार जुना नमुना एकच आकडा दाखवू शकतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ऑसिलोस्कोप, म्हणजे लाटेचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागून आणला आणि लाट किती क्षीण होते तेही नोंदवलं. तडे असले की ती जास्त विझते.

व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी विचारलंच, "हे रस्त्यावर कसं करणार?" तिथं दोन्ही प्रोब वरच्याच अंगाला टेकवावे लागतात, सिग्नल फार अशक्त येतो, आणि तापमान वर एक, खाली दुसरंच. ते काम पुढच्या बॅचच्या गळ्यात घातलंय.