खिळा जरा खाली

कॅलेंडरचा खिळा नेहमी मोठ्या माणसांच्या उंचीवर ठोकलेला असतो. फ्रिजच्या वर, नाहीतर देवघराच्या शेजारी, पाच वर्षांच्या पोराने टाचा उंचावल्या तरी फक्त खालची जाहिरात दिसेल अशा बेताने. आणि मग आपणच म्हणतो, "एवढी घोडी झालीस, आज वार कोणता ते सांगता येत नाही?" यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला खिळा मी लेकीच्या नाकासमोर आणला. आईने लगेच हरकत घेतली. "मी काय आता चतुर्थी बघायला खाली बसू?" मुद्दा रास्त होता. त्यामुळे सध्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. वरचं आजीचं, खालचं नातीचं. खालच्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली आहे आणि त्यावर काहीही खरडलं तरी कुणी ओरडायचं नाही, असा करार आहे.

वार आधी शिकवावेत, महिने मागाहून, असं माझं ठाम मत आहे. गाण्याच्या चालीवर रविवार ते शनिवार घडाघडा म्हणणारी मुलं "मंगळवारच्या आधी काय येतं?" विचारलं की पुन्हा रविवारपासून सुरू करतात. ते पाठांतर झालं. लेकीला पहिला वार कळला तो बुधवार, कारण बुधवारी आजी गोदाकाठच्या आठवडे बाजारात जाते आणि येताना पिशवीतून मेथी, कोथिंबीर आणि एखादा पेरूचा वाटा घेऊन येते. मग सोमवार कळला, आजीच्या उपासामुळे, म्हणजे खरं तर साबुदाण्याच्या खिचडीमुळे. शनिवार अर्ध्या शाळेमुळे. रविवार लाल छापलेलाच असतो, त्यात शिकवण्यासारखं फारसं काही नाही. फक्त समोरच्या काकांच्या कंपनीला सुट्टी शनिवारी असते, तेव्हा "मग त्यांचा रविवार शनिवारी असतो का?" हा प्रश्न आला. मी "हो" म्हणून टाकलं. काका स्वतःही तसंच म्हणतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. शाळेच्या वहीत आणि मोबाइलमध्ये वार वरती आडवे मांडलेले असतात आणि तारखा डावीकडून उजवीकडे सरकतात. आपल्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात वार डाव्या कडेला एकाखाली एक उभे, आणि तारखा वरून खाली उतरतात. आपल्याला हे कधी जाणवतच नाही, कारण आपण तारीख वाचत नाही, नुसती बघतो. मुलं मात्र बोट ठेवून वाचतात. लेक एकाच्या उजवीकडे बोट नेई आणि तिथे आठ बघून माझ्याकडे संशयाने पाही. माझा भाचा दुसरीत आहे, त्याला यातली गंमत आधी कळली: आडवं गेलं की सात-सात वाढतात. या ऑगस्टमध्ये तर शुक्रवारच्या ओळीत सरळ सातचा पाढा छापलाय, ७, १४, २१, २८. पाढे म्हणायला सांगितले की ज्याला तहान लागते, तो हा पाढा आपणहून सगळ्यांना दाखवत होता.

याच पानावर आणखी एक चमत्कार आहे. एक तारीख शनिवारी आल्यामुळे ३० आणि ३१ ला शेवटी जागाच उरली नाही. छापणाऱ्यांनी ते दोघे उचलून पहिल्या उभ्या रांगेत, अगदी वर, रिकाम्या घरांत बसवले. म्हणजे ३१ तारीख एक तारखेच्या डोक्यावर. लेकीने हे छपाईचं चुकलंय असं जाहीर केलं. आणि नेमका तिसरा श्रावणी सोमवार यंदा ३१ ऑगस्टला! नाशिकच्या घरात या सोमवाराला विसरून चालत नाही. त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते आणि आमचा धाकटा भाऊ दरवर्षी जातो. श्रावण लागतो १३ ऑगस्टला, मग सोमवार मोजायचे: १७, २४, आणि तिसरा? बोट उजव्या टोकाला जाऊन थांबलं. तिथे पान संपतं. मग ते बोट पुन्हा डावीकडे, वर. सापडला! त्यानंतर माझ्या भावाला दोघांनीही फोन करून तारीख कळवली. त्याला ती माहीत होती, पण त्याने तसं दाखवलं नाही.

भाच्याचं समाधान मात्र झालं नव्हतं. मामा रविवारी रात्री जेवून निघतो, मग फेरी सोमवारची कशी? मी म्हटलं, रात्री बाराला तारीख बदलते. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काही नाही, सूर्य उगवल्याशिवाय सोमवार कसला?" दोघांचंही बरोबर आहे, घड्याळाचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि पंचांगाचा सूर्योदयाला. भाच्याने हिशेब लावला की पहाटे तीनला डोंगराच्या वळणावर चालणारा मामा मोबाइलमध्ये सोमवारात असतो आणि आजीकडे अजून रविवारात. एवढं कळल्यावर तो इतका खूश झाला की पुढचं समजावायची गरजच पडली नाही.

तिथींचं गणित मुलांना सांगूच नये असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पोरांना गणपती कधी, दिवाळी कधी, एवढंच तर हवं असतं, आणि ते नेमकं तिथीवर चालतं. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आले. लेकीच्या आईने ते फोटोतल्या तारखेवरून दाखवलं. लेकीने यंदाच्या २७ ला शोधलं, तिथे गणपती नव्हते. यंदा ते १४ सप्टेंबरला आहेत. आता चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात, ते साठले की एक महिना जास्तीचा घालावा लागतो, हे सगळं मी कागदावर काढून सांगितलं. ते डोक्यावरून गेलं. पण यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ होता, आणि धोंड्याचा महिना म्हणून माझ्या सासुरवाडीहून तेहतीस अनारसे आले होते. "तो जास्तीचा महिना म्हणजे अनारशांचा महिना," बायको म्हणाली. झालं. अनारशांनी जागा घेतली म्हणून गणपती पुढे सरकले, ही उपपत्ती लेक आता शेजारीपाजारी सांगत फिरते. मला तरी त्यात चूक काढता येत नाही. संक्रांत का हलत नाही, हे सांगायचं अजून बाकी आहे. ती सूर्यावर चालते, पण सूर्याचा खाऊ कुठला आणायचा? तिळगूळ जानेवारीत.

महिन्याचे दिवस मुठीवर मोजायची जुनी युक्ती मी शिकवली. उंचवट्यावर ३१, खळगीत ३०, फेब्रुवारी बिचारा वेगळा. लेकीची मूठ अजून इतकी गुबगुबीत आहे की उंचवटे सापडतच नाहीत. तिने माझी मूठ वापरायची ठरवली आहे. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ ३१ चे कसे, हे तिला मुठीवरून पटलं नाही, पण मलाही लहानपणी पटलं नव्हतं.

सध्या शहरात जिथे तिथे रस्ता खोदलेला आहे आणि कुणालाही विचारा, उत्तर एकच, सिंहस्थासाठी. तो कधी? पुढच्या वर्षी, २०२७ ला. लेकीने खालच्या कॅलेंडरची सगळी पानं उलटली. डिसेंबरच्या मागे राशिभविष्य निघालं. वर्ष पानात मावत नाही, ते नव्या कॅलेंडरात असतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गुरू सिंह राशीत यायला बारा वर्षं लागतात, आधीचा सिंहस्थ २०१५ चा, तेव्हा तू नव्हतीस, यानंतरचा २०३९ चा. "तेव्हा मी केवढी?" अठरा वर्षांची, म्हटल्यावर तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तू?" मी तिला खाली जाऊन घंटागाडी आली का ते बघायला पाठवलं.

पेन्सिलीचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र दुधाने झाला. दुधाचा खाडा मांडायचं काम आजीने नातीकडे सोपवलं, दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. जुलै संपला, दूधवाले काका हिशेबाला दारात आले. आजीने मोठ्या अभिमानाने खालचं कॅलेंडर काढून पुढे धरलं. काकांनी फुल्या मोजल्या, आपली वही काढली, पुन्हा मोजल्या. "आजी, आमच्याकडे एकच खाडा आहे." वही आणि कॅलेंडर यांचा मेळ बसेना. शेवटी नातीलाच बोलावलं. ती म्हणाली, ज्या दिवशी मी दूध प्यायले नाही त्या दिवशी फुली मारली. काकांनी पूर्ण महिन्यातून एक दिवस वजा करून पैसे घेतले. बाकीच्या फुल्यांचा हिशेब आजी आता नातीकडून वसूल करतेय, रोज संध्याकाळी, एक-एक पेला.