पोडियमवरचं तळं बुजवताना

मुलुंडमधल्या त्या सोसायटीत तळं काढून मुलांना खेळायला जागा करायची होती. कारण योग्यच होतं. दोन-तीन इंच पाण्यातही चालायला लागलेलं मूल बुडू शकतं, आणि ते हाका मारत नाही, आवाजही करत नाही. जाळी बसवली की मूल त्याच जाळीवर चढतं. प्रश्न बुजवायचं कशाने, हा होता. आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा काठाशी डेब्रिजच्या गोण्या रचलेल्या होत्या. वरच्या एका फ्लॅटचं काम चालू होतं, त्याचं प्लास्टर, विटा, फुटक्या लाद्या. सेक्रेटरी म्हणाले, "पाणी काढा, हे आत ओता, वर लादी मारा. डेब्रिज उचलायचे पैसेही वाचतील."

तळं जमिनीवर असतं तर निम्मा सल्ला चालला असता, फक्त आधी तळाचं काँक्रीट फोडावं लागलं असतं. नाहीतर मातीखाली टाकी तशीच राहते आणि पावसाळ्यात वरची जागा दलदल होते. पण हे तळं पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर होतं. खाली गाड्या. तळ फोडायचा प्रश्नच नाही.

आतलं माप ६ मीटर बाय ४ मीटर, खोली ९० सेंटिमीटर. काठोकाठ भरलं तर २१,६०० लिटर, म्हणजे २१.६ टन. मूळ नकाशात स्लॅब एवढ्याच भारासाठी धरला होता. वरचा १५ सेंटिमीटरचा कठडा कापून उरलेले ७५ सेंटिमीटर डेब्रिजने भरले तर १८ घनमीटर माल जातो. ओलं डेब्रिज घनमीटरला १.८ ते २ टन भरतं. झाले ३२ ते ३६ टन, त्यावर खेळणी आणि माणसं वेगळी. हा हिशोब तिथेच गोणीवर खडूने मांडला आणि सेक्रेटरींना खाली पार्किंगमध्ये नेलं. तळ्याच्या बरोबर खालच्या बीमवर चुन्याचे पांढरे ओघळ होते. "अहो, हे पावसाचं असेल," ते म्हणाले. पाणी काढल्यावर ठिबकणं थांबलं, त्यामुळे तो वाद तिथेच मिटला: तळ्याचं वॉटरप्रूफिंग गेलेलं होतं. गोण्या परत गेल्या.

पाणी काढायच्या आधी वीज. पाण्यातल्या दिव्यांची आणि कारंज्याच्या पंपाची लाइन फक्त स्विच बंद करून सोडायची नाही. डीबीमधून, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतून, वायर सोडवायची आणि पाइपातून पूर्ण ओढून काढायची. पुढे कोणी चुकून त्या पेटीतला एमसीबी (लाइनचा सुरक्षा-स्विच) वर केला, तर ओल्या काँक्रीटमध्ये जिवंत वायर राहते. मासे जाळीने धरून पिंपात, त्याच पाण्यासकट. गप्पी दुसऱ्या सोसायटीच्या तळ्याला, कोई मासे मत्स्यालयवाल्याला. दोन कासवं निघाली, कानामागे लाल पट्टा असलेली, म्हणजे परदेशी. ती पवई तलावात सोडू या, असं कोणीतरी सुचवतंच. ते करायचं नाही, तिथल्या जिवांची वाट लागते. देशी कासव निघालं असतं तर वनविभागाला १९२६ वर कळवावं लागलं असतं. गाळ कुंड्यांना उत्तम, पण तो गोणीत भरून न्यायचा, पावसाळी गटारात ढकलायचा नाही. आणि टाकी रिकामी झाली की कोरडीच ठेवायची. तळाशी चार बोटं पाणी राहिलं आणि काम आठ-दहा दिवस अडलं, तर तेवढ्यात डेंगीच्या डासांची एक पिढी तयार होते, मागोमाग महापालिकेची नोटीस.

कठडा तोडायला मिस्त्रीने काँक्रीट फोडायचा ब्रेकर काढला होता. तो परत ठेवायला लावला. ब्रेकरच्या हादऱ्याने भिंत तुटते तशीच स्लॅबला आणि वॉटरप्रूफिंगलाही चीर जाते, आणि ती वरून दिसत नाही. डायमंड सॉने कापायला वेळ आणि पैसे जास्त लागतात, पण पोडियमवर दुसरा मार्ग मला मान्य नाही. बाकीच्या भिंती ठेवल्या, कारण त्या शेजारच्या वाफ्यांची माती अडवतात. आत कोपऱ्यांना वाटा (सिमेंटची गोलाई) मारून नवीन वॉटरप्रूफिंग केलं, ७२ तास पाणी भरून ठेवलं आणि खालून टॉर्च मारून बीम पाहिले.

भरण म्हणून ईपीएसचे ठोकळे घेतले, साध्या भाषेत दाट थर्माकोल, घनमीटरला २० किलोचा. ६० सेंटिमीटर उंचीचे १४.४ घनमीटर ठोकळे, वजन जेमतेम २९० किलो. त्याखाली पाणी वाहायला ३० मिलिमीटरच्या ड्रेन सेल (प्लास्टिकच्या पोकळ जाळ्या), वर जाड प्लास्टिक, ७५ मिलिमीटर आरसीसी, आणि शेवटी ४० मिलिमीटर ईपीडीएम रबर. सगळं मिळून साडेपाच टनांच्या आसपास. माणसांचा भार चौरस मीटरला ५०० किलो धरूनही बेरीज २१.६ टनांच्या आत बसते. तसा लेखी होकार स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घेतला.

थर्माकोल म्हटलं की कमिटी मजबुतीचं विचारते. ती अडचण नाही. अडचण आहे तरंगण्याची. ठोकळे, काँक्रीट आणि रबर यांचं वजन चौरस मीटरला साधारण २३५ किलो. म्हणजे ठोकळ्यांभोवती २३-२४ सेंटिमीटर पाणी चढलं की, बाजूचं घर्षण सोडलं तर, अख्खं मैदान वर उचललं जाऊ शकतं. आणि ती पातळी चढायला टाकीभर पाणी लागत नाही. आतली जवळपास सगळी जागा ठोकळ्यांनी व्यापलेली, मोकळी जागा फक्त ड्रेन सेलमध्ये आणि फटींमध्ये. हजार लिटरच्या आतलं पाणी पुरतं, गच्चीवरच्या एका काळ्या टाकीएवढं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या मानाने हजार लिटर काहीच नाही.

म्हणून खरं काम निचऱ्याचं. जुन्या ७५ मिलिमीटर आउटलेटचा व्हॉल्व्ह काढूनच टाकला, कारण व्हॉल्व्ह असला की कोणीतरी तो बंद करतं. भिंतीत तळाशी कोअर कटिंगने गोल भोक पाडून ११० मिलिमीटरचं दुसरं आउटलेट दिलं. दोन्हींच्या तोंडाशी ३० सेंटिमीटर चौरस चेंबर वरपर्यंत आणला, कुलपाच्या झाकणाचा, म्हणजे हात घालून पानं काढता येतात. शिवाय तळापासून १० सेंटिमीटरवर ५० मिलिमीटरचा ओव्हरफ्लो. तळ्याची एक बाजू पाच पायऱ्या खालच्या पॅसेजला लागून होती, तिथे तो मुद्दाम उघडा सोडला. वॉचमनला सांगितलं, ह्या पाइपातून पाणी आलं की चेंबर तुंबला असं समजायचं आणि लगेच फोन करायचा.

काँक्रीट घालताना ढीग एका जागी करू दिला नाही, घमेली पसरत नेली. खेळण्यांच्या खांबांखाली स्लॅब १५० मिलिमीटर जाड केला आणि बोल्ट आधीच ओतून घेतले. ह्यानंतर वर वेल्डिंग बंद: एक ठिणगी फटीतून खाली गेली की ईपीएस वितळतं आणि पेटही घेऊ शकतं. पेट्रोल, थिनरही लांब. ते त्याला विरघळवतात. रबर फिकट रंगाचं घेतलं, काळं मे महिन्यात अनवाणी पायांना सोसत नाही. ४० मिलिमीटर जाडी किती उंचीवरून पडलेलं मूल सांभाळते, याचा चाचणी दाखला पुरवठादाराकडून मागितला आणि खेळणी त्या उंचीच्या आतली निवडली.

झोपाळ्यावरून मात्र बैठक लांबली. खेळण्याच्या चहूबाजूंनी दीड मीटर मोकळी, मऊ जागा लागते. ६ बाय ४ मधून ती वजा केली की उरतात ३ बाय १ मीटर. त्यात एक बुटकी घसरगुंडी बसते. झोपाळ्याला पुढे-मागे याहून कितीतरी जास्त जागा लागते. "शेजारच्या सोसायटीत तर आहे," असं एक काकू म्हणाल्या. असेल. घसरगुंडीच्या कठड्यातल्या फटी टेपने मोजल्या: ८९ ते २३० मिलिमीटरच्या मधली फट नको, त्यात धड जातं आणि डोकं अडकतं. एका बाजूला १२० निघाली. तो भाग कारखान्यात परत पाठवला आणि बदलून आल्यावरच बसवला.

चेंबरची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, दुसरी सोसायटीच्या ऑफिसात. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी एकदा आणि पावसाळाभर दर आठवड्याला झाकण उघडून पानं काढायची, असं देखभालीच्या करारात लिहून दिलं.