पऱ्या कोणाचा?

पऱ्या, म्हणजे आमच्या गावातला ओढा, कोणाचा, हे शोधायला मला आठ महिने लागले. ग्रामपंचायत म्हणाली, जलसंपदाचा. जलसंपदावाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे वाशिष्ठी आहे, शिव नदी आहे, तुमचा पऱ्या आमच्या यादीत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात सांगितलं, कारखान्याचं सांडपाणी असेल तर आमच्याकडे या, घरांचं असेल तर ग्रामपंचायतीकडे जा. शेवटी तलाठी भाऊसाहेबांनी जमीन महसूल संहितेचं कलम २० काढून वाचून दाखवलं. नद्या, ओढे, नाले, त्यांचे तळ, सगळं शासनाचं. "मालक शासन आहे ताई," ते म्हणाले, "पण साफ कोणी करायचा, ते या कलमात नाही."

आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, पऱ्या उतरतो, चार वाड्यांच्या मधून येतो आणि खाली वाशिष्ठीला मिळतो. नळयोजनेची विहीर त्याच्याच काठावर. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख, पण एप्रिल लागला की पऱ्यात ठिकठिकाणचे कोंड, म्हणजे खोलगट डोह, तेवढे उरतात. वाशिष्ठीची गोष्ट वेगळी. तिला कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, मिळतं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी घाटाखाली वळवायची मुभा आहे, त्यामुळे ती मे महिन्यातही वाहती दिसते. तिच्यात पडलेली घाण पुढे वाहून जाते. आमच्या कोंडात पडलेली घाण मात्र पावसापर्यंत तिथेच राहते.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणमध्ये कोणी विसरणार नाही. त्यानंतर डिसेंबरात गाळ काढण्यासाठी शहरातल्या लोकांनी साखळी उपोषण केलं, आणि पुढे जलसंपदा विभागाची यंत्रं आणि नाम फाउंडेशन वाशिष्ठी-शिवच्या पात्रात उतरली. मी बाजाराला जाताना ते काम पुलावरून बघायचे. सरकारी खातं आणि लोक एकाच पात्रात काम करताना मी पहिल्यांदा तिथे बघितले. आपल्याकडे का होऊ नये, हे तेव्हाच मनात आलं.

मग २०२२ च्या मे महिन्यात मधल्या वाडीच्या कोंडात मासे वर आले. मळये, शेंगटी, झिंगे, सगळे पालथे. पहिला संशय औषध टाकून मासे मारणाऱ्यांवर गेला, कारण तो प्रकार आमच्या भागात होतो. पण पाण्याला आंबूस वास होता आणि काठाला पिवळसर फेस. वरच्या अंगाला फळप्रक्रियेचा एक कारखाना आहे. आंब्याच्या हंगामात तिथलं धुण्याचं पाणी पऱ्यात यायचं. त्यात विष नसतं, साखर असते. साखर कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मे महिन्यात वाहतं पाणीच नसल्याने नवा प्राणवायू मिसळत नाही. मासे गुदमरून मरतात. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. नंतर मंडळाच्या एका तरुण अधिकारी मॅडमनी कोंडाच्या काठावर उभं राहून समजावलं.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्या पाचांतली मी एक. आमच्याकडे पेटी असते, आणि जंतू तपासायच्या छोट्या बाटल्या. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. मी विहिरीबरोबर पऱ्याच्या चार जागांचं पाणी दर सोमवारी तपासू लागले आणि वहीत तारीख, वेळ, रंग, वास लिहायला लागले. चारही बाटल्या काळ्या. विहिरीचीसुद्धा, जंतू मारायची टीसीएल पावडर पडली नसेल त्या आठवड्यात.

ही वही घेऊन मंडळात गेले. मॅडमनी ती शेवटपर्यंत वाचली, पण स्पष्ट सांगितलं की माझ्या बाटलीवर कारवाई होत नाही. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ आहे. नमुना घेताना तिथल्या तिथे कारखान्याला सूचना द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात, मगच तो पुरावा ठरतो. आणि बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात ते, मोजायला तीन दिवस २७ अंशांवर ठेवायला लागतं. म्हणून प्रयोगशाळा लागते. मला वाईट वाटलं. पण पुढे त्या जे म्हणाल्या ते महत्त्वाचं निघालं: "तुमच्या वहीमुळे मला कधी यायचं ते कळलं." वहीत वास येण्याचे दिवस आणि वेळा होत्या. त्या वेळेला त्या आल्या. आंघोळीच्या पाण्याचा निकष असा की विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. आमचा कोंड त्याच्या जवळपासही नव्हता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि वाशिष्ठी त्यात आहे. त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राज्याराज्यांत समित्या करायला लावल्या. पर्यावरण, नगरविकास, उद्योग आणि प्रदूषण मंडळ, अशी चार खाती त्यात. ग्रामविकास त्यात नाही! आमचं गाव ना नगरात ना एमआयडीसीत. वाशिष्ठीची योजना झाली तरी तिच्यात येणारा पऱ्या कागदावर कोणाच्याच वाट्याला येत नाही. माझे आठ महिने कशात गेले, ते मला हे वाचल्यावर समजलं.

२ ऑक्टोबर २०२२ ची ग्रामसभा. त्याच दिवशी सेवाग्रामहून राज्य शासनाचं 'चला जाणूया नदीला' अभियान सुरू झालं होतं, त्याचा आधार घेऊन आम्ही ठराव मांडला: सगळ्या खात्यांनी एकाच दिवशी पऱ्यातून चालावं. पत्र नको, बैठक नको. सरपंच तयार झाले, गटविकास अधिकाऱ्यांनी प्रांतसाहेबांना गळ घातली आणि डिसेंबरात संयुक्त पाहणी ठरली. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आरोग्यसेविका, मंडळाच्या मॅडम, लघुपाटबंधाऱ्याचे अभियंता, कारखान्याचे व्यवस्थापक आणि आम्ही वाडीवाले. सड्यापासून संगमापर्यंत.

त्या चालण्यात जे दिसलं ते कोणाच्याच पत्रात नव्हतं. पुलाखाली कोंबडीच्या दुकानाची पिसं आणि आतडी. वळणावर गाडी मागे घेतल्याच्या खुणा. सेफ्टी टँक उपसणारी गाडी रात्री तिथे रिकामी व्हायची. आणि दर चार-पाच घरांमागे एक पाइप, न्हाणीचं, मोरीचं पाणी थेट पऱ्यात सोडणारा. आम्ही ४१ पाइप मोजले. त्यातला एक आमच्या घराचा होता. मी सहा महिने कारखान्याच्या नावाने कागद लिहीत होते आणि माझ्या मोरीचं साबणाचं पाणी खालच्या वाडीच्या कोंडात जात होतं. व्यवस्थापक समोरच उभे होते. मी तिथेच सांगितलं की हा आमचा आहे, पहिला बंद हाच करणार. त्यानंतर ते जरा मोकळं बोलू लागले. हंगामात टाकी कमी पडते, म्हणून पाणी सोडावं लागतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान्य केलं.

शाळेच्या पडवीत बसून प्रांतसाहेबांनी एक तक्ता करायला लावला. काम, करणार कोण, कधीपर्यंत, पैसे कुठले. प्रत्येक ओळीपुढे सही. माझ्या मते सगळ्या कामाचा पाया तो एक कागद आहे.

पैशांची अडचण वाटत होती तेवढी नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावा लागायचा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते, त्यातले ३० टक्के याच वित्त आयोगातून. फक्त ते काम गावाच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेलं हवं होतं. आमच्याकडे लिहिलेलंच नव्हतं.

खरी अडचण जमिनीची. घाटावरचा, सांडपाणी जमिनीत जिरवायच्या शोषखड्ड्याचा नकाशा आमच्याकडे तसाच आला. इथे दोन फुटांवर कातळ. चिरा फोडून खड्डा मारला, तर पावसाळ्यात खालून पाणी भरतं आणि खड्डा वर उफाळतो. जांभ्याच्या भेगांतून तेच पाणी विहिरीत उतरण्याची भीती वेगळी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या सासूबाय न्हाणीचं पाणी केळीला सोडायच्या. खड्डा कशाला व्हया?" अभियंत्यांनी ते ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. जिथे माती आहे तिथे खड्डा, जिथे कातळ आहे तिथे आधी गाळणी, मग पाट काढून केळ, अळू, कर्दळ, नारळ. परसबाग सांडपाण्याच्या अंदाजपत्रकात बसवायला ग्रामसेवक भाऊसाहेबांना दोन महिने लागले.

एक चूक आमच्या हातून झाली. पाहणीनंतर उत्साहात कृषी विभागाच्या मदतीने वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, साठ माणसांचं श्रमदान, एका दिवसात पाणी अडलं. पण पाइप अजून चालू होते. फेब्रुवारीत अडलेलं पाणी काळं झालं, डास झाले, आणि मार्चमध्ये आमच्याच हातांनी बंधारा फोडला. ज्यांनी गोण्या वाहिल्या होत्या त्यांना ते फार लागलं. दोन घरं त्यानंतर श्रमदानाला आली नाहीत. कृषी सहायकांवर उद्दिष्ट पूर्ण करायचा दबाव होता, आम्हाला फोटो हवा होता. घाण थांबवल्याशिवाय पाणी अडवायचं नाही, ही ओळ त्यानंतर तक्त्यात सगळ्यात वर गेली.

कारखान्याने पुढच्या हंगामाआधी साठवणटाकी वाढवली आणि मंडळाने हंगामात दोनदा नमुने घेतले. कोंबडीवाल्यासाठी ग्रामपंचायतीने खताचा खड्डा दिला. उपसणाऱ्या गाडीच्या वाटेवर वाडीतली पोरं आळीपाळीने बसली, तिसऱ्या रात्री गाडी सापडली, पोलीसपाटलांनी पंचनामा केला. गाळ काढायला वेळ लागला, कारण गाळात वाळू असते आणि वाळू गौण खनिज, तहसीलदारांची परवानगी हवी.

आता ४१ पैकी २९ पाइप बंद आहेत. वरच्या दोन जागांच्या बाटल्या पावसाळा सोडला तर बहुतेक सोमवारी काळ्या पडत नाहीत. खालच्या दोन अजून पडतात. तिथली घरं दाटीची आहेत, परसच नाही, आणि सहा-सात घरांचं पाणी एकत्र करून शुद्ध करायची रचना आराखड्यात मंजूर होऊन पडून आहे.

मधल्या काळात प्रांतसाहेबांची बदली झाली, मॅडमचीही. नव्या साहेबांना तक्त्याची प्रत नेऊन दिली, त्यांनी विचारलं, फाइल कुठे आहे. मी वही पुढे केली. गुरुवारी ते गावात येणार आहेत. गाडी पुलापर्यंत येते, पण त्यांना सड्यापासूनच चालवत आणायचं ठरलंय. गमबूट आणायला सांगितलेत.