काकाजींचं मेंडोलिन

आज वडशाजवळच्या एका खेड्यातून जुनं मेंडोलिन घेऊन आलो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र-रात्र वाजलेलं. बोटं वळत नाहीत म्हणून काकाजी विकत होते. पैसे मोजलेही नाहीत, एवढंच म्हणाले, "खुटीले टांगून नोको ठेवू, बाबू."

कारखान्यातला माल नाही, हातानं घडवलेलं आहे. पाठ सागवानाची, इटलीच्या जुन्या मेंडोलिनसारखी फुगीर नाही, सपाट. गोल भोकातून बोट आत घातलं की पटाशीच्या खुणा लागतात. एक कड दुसरीपेक्षा किंचित जाड आहे. मला तीच आवडली.

आठ तारा, चार जोड्या, सूर व्हायोलिनचेच. घरी येऊन नव्या तारा चढवल्या आणि दांडीवरच्या वरच्या पडद्यांवर, म्हणजे बोटं दाबायच्या आडव्या पट्ट्यांवर, सगळं बेसूर! बायको म्हणाली, "फसवलं तुम्हाले." मग आठवलं, याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. केसभर मागे सरकवली. बाराव्या पडद्यावरचा चढा सूर खाली आला, मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाला चपखल बसला.

आवाज मोठा नाही. जाड तारा तर जरा घोगऱ्याच. पण वरची जोडी! मेंडोलिनचा सूर लगेच विझतो, म्हणून पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, भराभर वर-खाली चालवत तो जागता ठेवावा लागतो. माझा हात दोन मिनिटांत भरून आला. काकाजी रात्रभर कसे वाजवत असतील?

संध्याकाळी त्यांना फोनवर ऐकवलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसरी जोडी उतरली हाये, बाबू."

खरंच उतरली होती.