नाव पाथरवटाचं, सरदार फक्त तारखेपुरता

वेल्सला जाणारे आपले लोक स्नोडन चढतात, कार्डिफचा किल्ला बघतात आणि परत येतात, ठीक आहे, पण जमलं तर ब्लॅक माउंटन्समधल्या पॅट्रिशोला पण जा. गाव असं काही नाहीच, डोंगराच्या उतारावर सेंट इसुईचं छोटंसं चर्च, बस्स. रस्ता एवढा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स आपल्यालाच घ्यायला लागतो.

बहुतेक लोक तिथे जातात ते १५०० च्या आसपासच्या लाकडी पडद्यासाठी, म्हणजे वेदीचा भाग लोकांच्या जागेपासून वेगळा करणाऱ्या कोरीव जाळीसाठी. काय कोरलाय, त्यात वेल गिळणारा ड्रॅगन पण आहे, वादच नाही. मी मात्र बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी अडकलो. दिसायला अगदीच साधं, जाडजूड दगडी टब, खोल, कारण तेव्हा बाळाच्या कपाळावर नुसतं पाणी शिंपडून भागत नसे, अख्खं बाळ बुडवायचे. पण काठावर लॅटिनमधे कोरलंय, ‘मेनहिर मे फेकित इन तेम्पोरे गेनिलिन’. म्हणजे गेनिलिनच्या काळात मला मेनहिरने घडवलं.

आता बघा, दगड स्वतः बोलतोय, आणि नाव कोणाचं घेतोय तर पाथरवटाचं! आजही कुठल्याही देवळात, चर्चमधे, हॉलमधे पाटी असते ती पैसे देणाऱ्याची, ज्याने छिन्नी चालवली त्याला कोण विचारतं. इथे बिशप नाही, दाता नाही, आणि इथला सरदार गेनिलिन आलाय तो सुद्धा कॅलेंडर म्हणून. मला हे जाम आवडलं.

तशी दंतकथेत पैसे देणारी मंडळी आहेत. इसुई हा इथला संन्यासी, एका वाटसरूला त्याने आसरा दिला आणि त्या वाटसरूनेच इसुईचा खून केला, मग त्याच्या झऱ्यावर लोक यायला लागले, त्यातल्या एकाचा कुष्ठरोग बरा झाला म्हणे आणि त्याने चर्च बांधायला सोनं दिलं. झरा खाली ओढ्याजवळ आहे, लोक अजून तिथे नाणी, फिती ठेवतात.

आणि हो, आत भिंतीवर एक सांगाडा रंगवलाय, हातात कोयता, वाळूचं घड्याळ आणि फावडं. बाप्तिस्म्याला आलेल्या पाहुण्यांचं स्वागत बहुतेक हाच करत असणार :) दगडी वेद्या पण तीन शिल्लक आहेत, १५५० मधे देशभरातल्या काढून टाकायचा हुकूम निघाला होता तरी. एवढ्या आडवाटेला हुकूम घेऊन कोण कडमडणार.

राहिला गेनिलिन. तो म्हणजे या भागाचा सरदार गेनिलिन फोएल असं मानतात आणि त्यावरून कुंड साधारण १०५५ चं धरतात. म्हणजे मेनहिरने बिचाऱ्याने तारीख कळावी म्हणून ज्याचं नाव कोरलं, आता त्याचीच तारीख शोधत बसायची वेळ आलीये.