मोगरा अ‍ॅकॉर्ड: बेंझिल अ‍ॅसिटेटचा आंबूसपणा अखेर गेला

मोगऱ्याच्या अ‍ॅकॉर्डचा, म्हणजे अनेक सुगंधी द्रव्यं मिसळून साधलेल्या वासाचा, सुरुवातीचा केळं-नेलपॉलिशचा भपकारा कमी करायला त्यातलं एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनलेलं द्रव्य), म्हणजे बेंझिल अ‍ॅसिटेट ३० भागांवरून १८ वर आणलं, तरी वास घ्यायच्या कागदी पट्टीवर पहिली पाच मिनिटं नाकाला झोंबतच होती. म्हणजे दोष प्रमाणाचा नाही. नुसतं एस्टर पट्टीवर घेतलं तर तोच झोंबणारा, आंबूस वास. बाटली अर्धी रिकामी, आत दमट हवा. एस्टर फुटून बेंझिल अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक आम्ल सुटलं. अल्कोहोल राहू दे, मोगऱ्यात तेही लागतंच. आम्ल मात्र काढायलाच हवं.

५० मिली एस्टरला ५० मिली २ टक्के खायच्या सोड्याचं पाणी, सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं, थर वेगळे करायचं काचेचं भांडं) घालून हलवायचं. वायू जमतो, म्हणून दर दोन-तीन हिसक्यांनी फनेल उलटं धरून कॉक (तोटी) उघडायचा. कॉस्टिक सोडा नकोच, तो एस्टरच फोडतो.

खरी डोकेदुखी थर वेगळे होताना. एस्टरची घनता १.०५, पाण्यात ते खाली बसतं, पण रडतखडत, आणि मधे दुधाळ पट्टा तसाच राहतो. अशा वेळी मीठ घालायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण चिमूटभर मिठाने काम बिघडतं: ७ टक्के मिठाच्या पाण्याची घनताही जवळपास १.०५ भरते आणि एस्टर अधांतरी लटकतं. तेव्हा हात सैल सोडून त्या ५० मिली पाण्यात १७ ग्रॅम मीठ घाला. पाणी १.२ च्या आसपास जातं, एस्टर सरळ वर येतं. आता हवा तो थर वरचा, हे विसरून चुकीचा थर मोरीत जाऊ देऊ नका!

नंतर उरलेलं पाणी शोषायला निर्जल मॅग्नेशियम सल्फेट, २-३ ग्रॅम, भुकटी मोकळी फिरेपर्यंत. मग फिल्टर पेपर. आता पट्टीवर पिकलेलं नासपती आणि जाई, झोंबणं शून्य.

मापायला काचेचं पिपेटच वापरा. ड्रॉपरचा रबरी फुगा या एस्टरने फुगतो आणि पॉलिस्टायरीनचा कप विरघळतो. ५०० ग्रॅमच्या स्वस्त प्लास्टिक बाटलीपेक्षा १०० ग्रॅमची तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, परवडते.

इंडोल (मोगऱ्यातलं एक उग्र वासाचं घन द्रव्य) आता डीपीजीऐवजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, बिनवासाचा द्रावक) याच एस्टरमध्ये १० टक्के विरघळवायचं. तेवढंच वजन वाचेल. आणि हो, मिश्रणातलं हेक्सिल सिनॅमिक आल्डिहाइड दुसऱ्या सुगंधी द्रव्याशी, मिथाइल अँथ्रानिलेटशी, जुळून शिफ बेस नावाचं संयुग बनवताना पाणी सोडतं, म्हणजे एस्टर पुन्हा फुटायला निमित्त, शिवाय रंग नारिंगी होतो. तेव्हा पुढच्या बॅचमध्ये आल्डिहाइडचे १५ भाग काढून हेडिओन (जाईसारख्या वासाचं द्रव्य) २५ वरून ४०.