बांबू-सागाचं धनुष्य: खालच्या लिम्बातला हिंज गेला एकदाचा!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, ट्रीवर (धनुष्य अडकवून दोरी ओढत वाकण तपासायचा खांब) आत्ता २६ इंच ओढ गाठली आणि दोन्ही लिम्ब, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा हात, सारखे वाकले, झोप येणं शक्यच नाही म्हणून लिहितोय.

मागे सांगितलेलंच दुखणं, २० इंचांच्या पुढे ओढलं की खालचा लिम्ब मुठीपासून ९ इंचांवर कोपरासारखा दुमडायचा (हाच तो हिंज), बाकी लिम्ब ताठ आणि सगळा ताण त्या चार बोटांत. तीन रविवार मी नुसत्या नजरेने आसपास खरवडत बसलो आणि तो वाढतच गेला. शेवटी व्हर्नियर काढला, दर दोन इंचांवर जाडी मोजली, तर पेराजवळ ११ मिमी आणि दोन्ही बाजूंना १२! ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे एका मिलिमीटरने जवळजवळ पाव ताकद गेली. सागाच्या पट्टीवर रंधा तिथेच जास्त बसला होता, माझीच घाई.

मग त्या जागेवर पेन्सिलीने फुली मारली आणि तिथे हात लावायचाच नाही ठरवलं. पाच इंची सरळ ठोकळ्याला मध्ये भोक पाडून पेन्सिल बसवली, हिंजवर टोक जेमतेम टेकेल एवढी, आणि दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावरून, म्हणजे दोरीकडच्या बाजूवरून, फिरवली. जिथे रेघ उठली तो भाग ताठ, तेवढाच खरवडायचा, मग वीस-तीस वेळा अर्धवट ओढायचं, परत ठोकळा. चार रात्री हेच. ओढायचा जोर ४२ पाउंडांवरून ३४ वर आला, वाईट वाटलं, पण आता वाकण एकसारखं आहे आणि दीड इंच रिफ्लेक्समधला (दोरी नसताना टोकांचा उलटा, पुढे असलेला बाक) अर्धा इंच अजून शिल्लक आहे!! बडोद्याच्या या पावसाळी दमटीत एवढा राहिला याचंच कौतुक, दमट लाकूड लगेच सेट धरतं, म्हणजे वाकलेलं तसंच राहतं. लोखंडी कपाटात साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून रोज रात्री आत ठेवत होतो, आई साड्या कुठे ठेवू विचारते.

ऑनलाइन मागवलेल्या स्क्रेपरची धार दहा मिनिटं टिकत नाही, खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा कितीतरी बरा, फक्त हातमोजे घाला. आणि साग असेल तर इपॉक्सीच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसाच, तेलकट असतो, पहिल्या जोडाच्या पट्ट्या त्यामुळेच सुटल्या होत्या.

आता २८ पर्यंत न्यायचं, मग टोकं बारीक करायची. म्हणजे असं ठरलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय की आधी बांबूची पाठ (दोरीच्या उलट बाजूची पट्टी) कडेने थोडी अरुंद करावी, बांबू ताणाला फार दणकट, पोटाकडच्या सागाला तो चेपून टाकतो, कदाचित सेट तिथूनच येतोय. हो, उद्या तेच. टोकं नंतर.

पुढच्या धनुष्यासाठी लाटीवरून (लाकडाच्या वखारीतून) साग आणायचाच नाही असंही डोक्यात आहे. आपल्याकडचे भील दोरीसुद्धा बांबूच्या चिपेची लावतात, तर अख्खा मानवेल बांबूच घेऊन बघू का? जवळपास भरीव असतो. कोणी केलंय का, दोरीची चीप किती रुंद ठेवलीत?